पॉवर फॉरवर्डची कारकीर्द : नागपूरच्या खेळाडूंकडून व पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पश्चिम नागपुरातील एका सिमेंटच्या कोर्टवर मी गेली बरीच वर्षे संध्याकाळी मुलांना बास्केटबॉल शिकवतो. सराव संपून मुले पाण्याच्या बाटल्या भरायला नळाकडे पळाली की पालक कुंपणापाशी थांबतात आणि मनातले विचारतात. त्यातले निम्मे प्रश्न तरी उंच मुलांविषयी, म्हणजेच पर्यायाने पॉवर फॉरवर्ड या स्थानाविषयी असतात. ते प्रश्न आणि मी देत आलेली उत्तरे येथे एकत्र केली आहेत.

पॉवर फॉरवर्ड म्हणजे नेमका कोणता खेळाडू?

कोर्टवर एका संघाचे पाच खेळाडू असतात आणि त्यांच्या स्थानांना एक ते पाच असे क्रमांक आहेत. पॉइंट गार्ड एक, शूटिंग गार्ड दोन, स्मॉल फॉरवर्ड तीन, पॉवर फॉरवर्ड चार आणि सेंटर पाच. म्हणून मैदानावर त्याला सरळ ‘चार नंबर’ म्हणतात. जर्सीवरील आकड्याशी त्याचा काहीही संबंध नाही. रिंगखालच्या झटापटीत सेंटरला साथ देणारा आणि तरीही गरज पडली की बाहेर येऊन गार्डसोबत खेळ रचणारा, असा हा मधला माणूस आहे.

त्याचे खरे काम काय? स्कोअरशीटवर तर त्याचे नाव फारसे दिसत नाही.

हा प्रश्न एका आजोबांनी मला विचारला होता आणि तो मला फार मोलाचा वाटतो, कारण या स्थानाचे अर्धे काम स्कोअरशीटवर उतरतच नाही.

शॉट सुटतो तेव्हा बहुतेकांच्या नजरा चेंडूमागे वर जातात. चांगला चार नंबर त्या क्षणी आधी आपल्या माणसाकडे पाहतो. त्याच्या दिशेने एक पाऊल टाकतो, हात आडवा धरून तो कोणत्या बाजूने निघाला आहे याचा अंदाज घेतो, मग एका पायावर वळून त्याच्याकडे पाठ करतो, गुडघे वाकवून कंबर खाली नेतो आणि त्याला पाठीवरच थोपवून धरतो. यालाच बॉक्स-आऊट म्हणतात. सगळा प्रकार जेमतेम सेकंद-दीड सेकंदाचा असतो. रिंगवरून उसळलेला चेंडू पुष्कळदा आपल्याच गार्डच्या हातात पडतो, रिबाऊंड (चुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणे) त्याच्या नावावर लिहिला जातो आणि ज्याने समोरच्या धिप्पाड माणसाला रोखून धरले, त्याची कुठेही नोंद होत नाही.

स्क्रीनचेही तसेच आहे. गार्डला मोकळे करण्यासाठी चार नंबर बचावपटूच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहतो, छातीवर धक्का घेतो आणि गुण गार्ड करतो. हल्ला करताना मिळवलेल्या रिबाऊंडची किंमत तर आकड्यातच सांगता येते : संघाला शॉट घेण्यासाठी २४ सेकंद मिळतात आणि आपल्याच चुकलेल्या शॉटचा चेंडू परत मिळवला तर आणखी १४ सेकंद मिळतात. एका सामन्यात असे पाच-सहा चेंडू खेचून आणणारा खेळाडू स्वतः एकही बास्केट न करता सामना फिरवू शकतो.

सलग सात हंगाम एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये, सर्वाधिक सरासरीने रिबाऊंड घेणारा डेनिस रॉडमन सहकाऱ्यांचे शॉट सरावाच्या वेळी बारकाईने पाहत असे. कोणाच्या हातून सुटलेला चेंडू कसा फिरतो आणि चुकला तर कुठे उसळतो, हे त्याने डोक्यात साठवून ठेवले होते. एका कोपऱ्यातून चुकलेला शॉट बहुतेक वेळा विरुद्ध बाजूला पडतो, एवढी एक गोष्ट जरी आपल्या मुलांनी मनावर घेतली तरी त्यांचे रिबाऊंड वाढतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

उंची किती हवी?

एनबीएमध्ये या स्थानावरील बहुतेक खेळाडू ६ फूट ८ इंच ते ६ फूट ११ इंच या मापातले असतात. अपवाद आहेत आणि ते थोर आहेत : रॉडमन ६ फूट ७ इंचांचा, ड्रेमंड ग्रीन ६ फूट ६ इंचांचा, आणि चार्ल्स बार्कलीची नोंद ६ फूट ६ इंच अशी असली तरी प्रत्यक्षात तो त्याहून बुटका होता. ग्रीन २०१२ च्या ड्राफ्टमध्ये (एनबीएचे संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्या निवडीत) थेट ३५ व्या क्रमांकावर निवडला गेला आणि २०१७ मध्ये लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. या तिघांनी उंचीची उणीव ताकदीने, चेंडूच्या अंदाजाने आणि जागा पकडण्याच्या कौशल्याने भरून काढली. आपल्याकडील शालेय संघांत मात्र ६ फुटांचा मुलगा सहज चार किंवा पाच नंबरवर खेळतो, आणि पुढच्या प्रश्नातली अडचण तेथूनच सुरू होते.

माझा मुलगा वर्गात सर्वांत उंच आहे. त्याला लगेच रिंगखाली खेळवावे का?

नाही. या पानावरचे इतर काहीही विसरलात तरी चालेल, पण हे उत्तर लक्षात ठेवा.

नागपुरात मी हे अनेकदा घडताना पाहिले आहे. आठवीतला मुलगा ५ फूट ११ इंचांचा होतो. शाळेला जिल्हा स्पर्धा जिंकायची असते, म्हणून त्याला रिंगखाली उभे केले जाते आणि सांगितले जाते, ‘चेंडू आला की हात वर ठेव आणि टाक.’ संघ जिंकतो, मुलाला ट्रॉफी मिळते, घरचे खूश होतात. चार वर्षांत तो मुलगा ड्रिबल करायला शिकत नाही, पंधरा फुटांवरून शॉट घेत नाही, बाहेरच्या खेळाडूला कसे अडवायचे हे त्याला ठाऊक होत नाही. दरम्यान त्याची उंची ६ फूट २ इंचांवर थांबते. मग राज्याच्या निवड चाचणीत किंवा राष्ट्रीय स्पर्धेत पंजाबचे ६ फूट ७ इंचांचे मुलगे समोर येतात आणि त्याला कळते की या उंचीला आता गार्ड किंवा तीन नंबर म्हणून खेळावे लागेल, पण त्या जागेचे एकही कौशल्य आपल्याजवळ नाही. अशाच एका मुलाला मी गार्डच्या ड्रिलमध्ये उभे केले, तेव्हा तो अगदी कळवळून म्हणाला होता, ‘सर, मी सेंटर आहो.’ त्याचे वय तेव्हा १३ होते. दोष त्याचा नव्हता. इतक्या लहान वयात त्याला एका जागेचा शिक्का आम्हीच, मोठ्या माणसांनीच, मारला होता.

जगातल्या सर्वोत्तम चार नंबरांचे बालपण पाहिले तर उलट चित्र दिसते. टिम डंकनला सुरुवातीचे धडे त्याच्या मेहुण्याने दिले. मुलगा इतका उंच होईल असे त्याला वाटले नव्हते, म्हणून त्याने डंकनला रिंगपासून दूर राहून खेळायला शिकवले. अँथनी डेव्हिस शाळेत बरीच वर्षे गार्ड म्हणून खेळला. नंतर थोड्या काळात त्याची उंची सुमारे ८ इंचांनी वाढली, पण चेंडूवरचा हात तसाच राहिला आणि २०१२ च्या ड्राफ्टमध्ये तो पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. तेव्हा १५-१६ वर्षांपर्यंत उंच मुलाकडून ड्रिबल, पास आणि बाहेरचा शॉट हे गार्डच्या बरोबरीने करून घ्या. रिंगखालचा खेळ नंतरही शिकता येतो. या एका हट्टापायी माझ्या संघाने शालेय सामने गमावले आहेत आणि त्याची मला खंत नाही.

सुरुवात कोणत्या वयात व्हावी? चौदाव्या वर्षी उशीर होतो का?

होत नाही. डंकन मूळचा जलतरणपटू. कॅरिबियन समुद्रातल्या सेंट क्रॉय बेटावर तो वाढला. १९८९ च्या ह्यूगो चक्रीवादळात तिथला ऑलिंपिक मापाचा तलाव उद्ध्वस्त झाला आणि त्यानंतर हा मुलगा बास्केटबॉलकडे वळला. १९९७ मध्ये सॅन अँटोनियो स्पर्सने त्याला ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर घेतले. १९९९, २००३, २००५, २००७ आणि २०१४ अशी पाच विजेतेपदे त्याने त्याच एका संघाकडून मिळवली. पोहणे, कबड्डी, ॲथलेटिक्स यांतून येणारी मुले पायांनी चपळ आणि श्वासाने दमदार असतात. त्यांना मी आनंदाने घेतो.

व्यावसायिक कारकीर्द साधारण कशी पुढे सरकते?

डर्क नोविट्झ्कीचे उदाहरण घेतो, कारण त्यात सगळे टप्पे दिसतात. जर्मनीतील वुर्झबुर्ग गावचा हा मुलगा दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये खेळत होता. होल्गर गेश्विंडनर या माजी ऑलिंपिक खेळाडूने त्याला हाताशी धरले आणि वर्षानुवर्षे त्याचा शॉट घडवला. हात कोणत्या कोनात सुटला तर चेंडूला रिंगमध्ये जास्त वाव मिळतो, याचे गणित त्याने मांडले होते. १९९८ च्या ड्राफ्टमध्ये नववा क्रमांक मिळून नोविट्झ्की एनबीएच्या डॅलस संघात पोहोचला. पहिल्या हंगामात मात्र त्याची सरासरी जेमतेम ८ गुणांची होती आणि एवढ्या उंच माणसाने बाहेरून शॉट का घ्यावेत, अशी टीकाही झाली. २००७ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, पण त्याच वर्षी त्याचा बलाढ्य संघ पहिल्याच फेरीत हरला. विजेतेपद मिळाले ते थेट २०११ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर. २१ हंगाम एकाच संघाकडून खेळून २०१९ मध्ये तो थांबला, तेव्हा त्याच्या नावावर ३१,५६० गुण होते.

सर्वसाधारण वाट अशी असते : विशीच्या सुरुवातीला बाकावर बसून शिकणे, पंचविशी ते तिशी या काळात शरीर आणि समज दोन्ही भरात असणे आणि तिशीनंतर उडी कमी झाली की शॉट, स्क्रीन व अनुभव यांवर खेळणे. शेवटच्या टप्प्यात खेळ बदलण्याची ज्याची तयारी असते, तो टिकतो. एनबीएच्या हंगामात प्रत्येक संघ ८२ साखळी सामने खेळतो. त्यामुळे शरीर राखणे हे तेथे नोकरीचेच काम मानले जाते. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये दोनच फेऱ्या असतात. त्यामुळे ज्यांना तेथे जागा मिळत नाही, असे बहुसंख्य व्यावसायिक खेळाडू जी लीग (एनबीएची दुय्यम लीग), युरोप, ऑस्ट्रेलिया, जपान येथील संघांत करार करून उत्तम कारकीर्द घडवतात. एनबीए गाठली नाही म्हणजे सगळे वाया गेले, ही समजूत मनातून काढून टाकावी.

या स्थानाचा खेळ बदलला आहे का?

फार बदलला आहे. जुन्या पिढीतला चार नंबर कार्ल मलोन याने ३६,९२८ गुण केले ते मुख्यतः रिंगजवळच्या ताकदीवर, गार्ड जॉन स्टॉकटनसोबतच्या पिक-अँड-रोलवर (स्क्रीन लावून लगेच रिंगकडे वळण्याच्या चालीवर) आणि मध्यम अंतरावरच्या शॉटवर. एनबीएने १९७९ मध्ये तीन गुणांची रेषा आणली आणि २००१ पासून झोन बचावाला (माणसाऐवजी जागा राखण्याच्या पद्धतीला) मोकळीक दिली. त्यानंतर रिंगखाली दोन उंच माणसांची गर्दी करणे हळूहळू महाग पडू लागले. बाहेरून तीन गुणांचा शॉट घेणारा चार नंबर प्रतिस्पर्ध्याच्या उंच बचावपटूला बाहेर खेचतो आणि आत वाट मोकळी होते. आंतरराष्ट्रीय नियमांत ही रेषा ६.७५ मीटरवर आहे, आपल्याकडेही तीच चालते. याच्या अगदी उलट खेळ यानिस अँतेतोकुंपोचा आहे. बाहेरचा शॉट फारसा नसतानाही लांब ढांगा टाकत तो थेट रिंगपर्यंत घुसतो. २०२१ च्या अंतिम मालिकेतील निर्णायक सामन्यात त्याने ५० गुण केले होते. लहानपणी तोही चेंडू हाताळणाराच खेळाडू होता, हे ओघात सांगितले पाहिजे.

भारतातून या वाटेने कोण गेले?

चंदीगडचा अमज्योत सिंग हे फॉरवर्डचे सर्वांत ठळक भारतीय उदाहरण आहे. तो जपानमध्ये व्यावसायिक बास्केटबॉल खेळला आणि २०१७ मध्ये जी लीगच्या ओक्लाहोमा सिटी ब्लू संघात गेला. २०१४ मध्ये वुहान येथे भारताने चीनला ६५-५८ असे हरवले, त्या संघातही तो होता. उंच असूनही बाहेरून शॉट घेण्याची त्याची तयारी मी मुलांना मुद्दाम दाखवतो. गुरदासपूरचा प्रिन्सपाल सिंग ग्रेटर नोएडातील एनबीए अकादमीतून जी लीगपर्यंत पोहोचला, आणि २०२१ मध्ये एनबीएची समर लीग (नवोदितांची उन्हाळी स्पर्धा) जिंकणाऱ्या सॅक्रामेंटो किंग्जच्या संघात होता. सतनाम सिंग सेंटर. २०१५ मध्ये ५२ व्या क्रमांकावर डॅलसने त्याला निवडले आणि ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय ठरला. तिघेही उत्तरेकडचे आहेत, हे पालकांच्या लगेच लक्षात येते.

नागपूरच्या मुलाने कोणत्या वाटेने जावे?

नागपुरात बास्केटबॉलची परंपरा आहे. शिवाजीनगर जिमखान्यासारख्या ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या मुले-मुली खेळत आल्या आहेत, आणि मानकापूरचे विभागीय क्रीडा संकुलही आपल्या शहरात आहे. पहिली पायरी म्हणजे रोज सराव होणारा क्लब. त्यानंतर शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत जिल्हा, विभाग, राज्य या क्रमाने होतात. बास्केटबॉल संघटनेच्या निवड चाचण्या याहून वेगळ्या असतात आणि त्यांच्या तारखांवर लक्ष पालकांनाच ठेवावे लागते. महाविद्यालयात गेल्यावर राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरता येते. रेल्वे, सेनादल अशा संघांचे लक्ष अशा स्पर्धांकडे असते.

पैसा किती मिळतो?

भारतात बास्केटबॉलपटूचा खरा आधार अजूनही नोकरीच आहे. रेल्वे, सेनादल, पोलीस, ओएनजीसी, काही बँका खेळाडूंना नोकरी देतात आणि खेळायला मोकळीक देतात. राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. व्यावसायिक लीग मधूनमधून उभ्या राहिल्या. २०१५ मध्ये सुरू झालेली यूबीए लीग दोन-तीन वर्षांत थांबली. म्हणून केवळ लीगच्या मानधनावर संसार उभा करण्याचा बेत मी कोणालाही सुचवत नाही. पदवी पूर्ण करा. डंकनने आईला दिलेला शब्द पाळण्यासाठी चार वर्षे महाविद्यालयात काढली, मानसशास्त्राची पदवी घेतली आणि मगच तो व्यावसायिक झाला.

दुखापतींची भीती वाटते. सर्वांत धोक्याचे काय?

घोटा आणि गुडघा. चार नंबर गर्दीत उडी मारतो आणि गर्दीतच खाली येतो. दुसऱ्याच्या बुटावर पाय पडला की घोटा आतल्या बाजूला मुडपतो. माझे असेच झाले होते. एकोणीस वर्षांचा होतो, आंतरमहाविद्यालयीन उपांत्य सामन्यात पाय मुडपला, संध्याकाळपर्यंत घोट्याचे हाड सुजेत दिसेनासे झाले. अंतिम सामना दहा दिवसांवर होता. पट्टी गुंडाळून मी खेळलो आणि आम्ही जिंकलोही, पण त्या वर्षात तोच घोटा आणखी तीनदा मुडपला आणि माझ्या उडीचा भरवसा कायमचा गेला. म्हणून माझ्या कोर्टवर नियम आहे : फक्त त्या दुखऱ्या पायावर, न डगमगता वीस वेळा उडी मारता आली, तरच सामन्यात उतरायचे. त्याआधी आई-वडिलांनी विनंती केली तरी नाही.

गुडघ्याच्या वाटीखाली दुखत राहणे हे बहुधा कठीण जमिनीवर अति उड्या मारल्याचे लक्षण असते. आपल्याकडे बहुतांश कोर्ट सिमेंटचे असल्याने उड्यांचा सराव आठवड्यात दोन दिवसच ठेवावा, आणि बुटांचा तळ झिजला की बूट बदलावेत.

आहार काय असावा? आम्ही शाकाहारी आहोत.

चालते. भाकरी, वरण, उसळ, दूध, दही, शेंगदाणे, पनीर हे भरपूर आणि वेळेवर हवे. वाढत्या वयाच्या मुलाने सकाळी रिकाम्या पोटी दोन तास खेळून नंतर फक्त तर्री-पोहे खाणे पुरेसे नाही, एवढे मात्र सांगतो. विकतच्या प्रोटीनच्या डब्यांची गरज शाळकरी मुलांना नसते.

मुलींसाठी ही वाट आहे का?

आहे, आणि नागपुरात मुलींचा खेळ मला मुलांइतकाच कसदार वाटतो. आपल्या शहरातील सिया देवधर भारतासाठी खेळली आहे. मुलींचा चेंडू सहा क्रमांकाचा, म्हणजे थोडा लहान असतो. रिंगची उंची तीच, ३.०५ मीटर. कँडेस पार्कर ही फॉरवर्ड २००८ मध्ये पहिल्याच हंगामात डब्ल्यूएनबीएची (अमेरिकेतल्या महिलांच्या लीगची) सर्वोत्तम खेळाडू ठरली. ती गार्डसारखी ड्रिबल करत चेंडू पुढे नेत असे. भारतात रेल्वेचा महिला संघ राष्ट्रीय स्पर्धेत वर्षानुवर्षे बलाढ्य राहिला आहे, त्यामुळे चांगल्या खेळाडूला नोकरीची वाटही ठाऊक झालेली आहे. उंच मुलीने खांदे पाडून, वाकून चालू नये, म्हणून घरच्यांनी तिच्या उंचीवर शेरे मारणे थांबवले तर माझे अर्धे काम होते.

मे महिन्यात सराव बंद ठेवावा का?

बंद ठेवू नये, वेळ बदलावी. पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा सिमेंट रात्री आठलाही तळव्यांना गरम लागते. पहाटे साडेपाच ते सात हीच वेळ बरी. उड्या कमी, शॉट आणि पास जास्त, आणि दर पंधरा मिनिटांनी मीठ-साखरेचे पाणी. चेंडू गाडीच्या डिकीत किंवा उन्हात ठेवू नका. आतली हवा तापून तो टणक होतो आणि रिंगवरून नेहमीपेक्षा लांब उसळतो, मग रिबाऊंडचा अंदाज चुकतो. खेळायला घेण्यापूर्वी चेंडू डोक्याच्या उंचीवरून सोडून पाहा. उसळून कमरेच्या थोडा वर आला तर ठीक, छातीपर्यंत आला तर पिनने जराशी हवा काढा.